श्वास न घेता तासभर पाण्याखाली: सीलचं शरीर हे कसं निभावतं?

२०२५ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला: आपल्या रक्तात ऑक्सिजन किती उरला आहे, हे सीलला जाणवतं. माणसाला ते जाणवत नाही. त्यानंतर तीनच महिन्यांनी क्रोएशियाच्या व्हिटोमिर मारिचिच या खेळाडूने २९ मिनिटं ३ सेकंद पाण्यात दम धरल्याची बातमी आली. दोन्ही बातम्या वाचून कुणालाही वाटेल की सराव वाढवला तर माणूसही सीलच्या जवळपास पोहोचेल.

तसं नाही. मारिचिचने पाण्यात उतरण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेतला होता. साध्या हवेवर जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंची मजल साडेअकरा मिनिटांच्या आसपास जाते, तीही पाण्यावर निश्चल पडून राहून. अंटार्क्टिकातला वेडेल सील बर्फाखालच्या, शून्य अंशांहूनही थंड पाण्यात वीस मिनिटं पोहत मासे पकडतो, वर येतो, काही मिनिटं श्वास घेतो आणि पुन्हा जातो. दिवसभर हेच चालतं. फरक सरावाचा नाही, शरीराच्या बांधणीचा आहे.

विक्रम वेगळे, रोजचं काम वेगळं

वेडेल सीलची सर्वांत लांब नोंदलेली बुडी दीड तासाहून थोडी जास्त आहे. दक्षिणेकडच्या एलिफंट सीलची दोन तासांची बुडी नोंदलेली आहे आणि या जातीचे नर २,००० मीटरच्याही खाली गेलेले आहेत. उत्तर पॅसिफिकमधला एलिफंट सील समुद्रात असतो तेव्हा जवळजवळ ९० टक्के वेळ पाण्याखालीच असतो. साधारण वीसेक मिनिटांची बुडी, वर दोन-तीन मिनिटं, पुन्हा बुडी, असं महिनोन्‌महिने. झोपसुद्धा तो बुडीतच उरकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सीलच्या मेंदूतल्या विद्युत लहरी समुद्रात मोजल्या, तेव्हा दिसलं की ते दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात. ही झोपही खोल पाण्यात, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. पृष्ठभागावर शार्क आणि ऑर्का असतात, त्यामुळे तिथे डोळा लागणं परवडत नाही.

बातम्यांत दोन तासांचा आकडा मिरवतो. खरं नवल वीस मिनिटांच्या त्या न थकता मारलेल्या बुड्यांचं आहे, आणि तेच नीट समजून घेतलं की दोन तासांचंही कोडं बरंचसं सुटतं.

साठा फुप्फुसात नाही

पाण्यात उडी मारण्याआधी माणूस छाती भरून श्वास घेतो. वेडेल आणि एलिफंट सील नेमकं उलट करतात: बुडी मारण्याआधी श्वास सोडतात. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. हवा सोडून दिली तर ऑक्सिजन कुठून येणार?

शरीरातला ऑक्सिजनचा साठा म्हणजे इमारतीवरची पाण्याची टाकी समजा. श्वास बंद म्हणजे टाकीत येणारं पाणी बंद. आता किती वेळ निभेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: टाकी केवढी आहे आणि खाली किती नळ उघडे आहेत.

टाकीचे आकडे पाहू. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन साठलेला असतो, त्यातला जवळपास पाव हिस्सा फुप्फुसांत. वेडेल सीलमध्ये हाच आकडा किलोमागे ८५ ते ९० मिलिलिटर आहे आणि त्यातला जेमतेम ५ टक्के फुप्फुसांत असतो. सुमारे दोन तृतीयांश साठा रक्तात आणि उरलेला स्नायूंमध्ये. म्हणजे श्वास सोडून दिल्याने सीलचं फारसं काही जात नाही.

रक्तात एवढा ऑक्सिजन मावतो कसा? पहिलं कारण, रक्तच जास्त. माणसाच्या वजनाचा ७ टक्के भाग रक्ताचा असतो, या सीलमध्ये सुमारे २० टक्के. दुसरं कारण, ते रक्त दाट. ऑक्सिजन वाहून नेणारं लाल रक्तपेशींमधलं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ते १४-१५ ग्रॅम असतं, वेडेल सीलमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास जातं.

आता साधा भागाकार करून पाहा. सराव नसलेल्या ७० किलोच्या माणसाकडे साधारण १.४ लिटर ऑक्सिजन असतो आणि स्वस्थ पडून राहिल्यावर तो मिनिटाला पाव लिटर वापरतो. साठ्याचा थेंबन्‌थेंब वापरता आला (तो येत नाही) तरी साडेपाच मिनिटांत खेळ संपला. ४५० किलोच्या वेडेल सीलकडे ३९ लिटर असतो. तो वीस मिनिटांत संपवायचा तर मिनिटाला दोन लिटरपेक्षा थोडा कमी, म्हणजे किलोमागे ४ मिलिलिटरच्या जरा वर. पलंगावर पडलेला माणूस किलोमागे साडेतीन मिलिलिटर वापरतो. म्हणजे पोहत, शिकार करत असलेला सील जवळजवळ झोपलेल्या माणसाच्याच खर्चात काम भागवतो. मोठ्या टाकीइतकीच ही काटकसरही महत्त्वाची आहे.

श्वास सोडून खाली जाण्याचा फायदा

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. फुप्फुसात हवा असेल तर त्या दाबाखाली तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. पाणबुडा घाईने वर आला की हाच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांत अडथळे करतो. पाणबुडे या आजाराला ‘बेंड्स’ म्हणतात.

सील याला फार साध्या मार्गाने बगल देतो. हवा मुळात कमी, आणि फुप्फुसातले वायुकोश, म्हणजे जिथे हवा आणि रक्त यांच्यात वायूंची देवाणघेवाण होते त्या सूक्ष्म पिशव्या, दाबाने पूर्ण मिटतात. वेडेल सीलच्या रक्तातला नायट्रोजन मोजला तेव्हा हे २५ ते ५० मीटर खोलीवरच घडतं असं दिसलं. उरलेली हवा श्वासनलिकेत ढकलली जाते, आणि तिथून वायू रक्तात जात नाहीत. वर येताना वायुकोश पुन्हा सहज उघडतात. शिवाय हवा कमी असल्याने सील तरंगत नाही. थोडं खाली गेल्यावर तो शेपटीकडचे वल्ह्यासारखे पाय न हलवता नुसता घसरत खोल जातो, आणि स्नायूंचा ऑक्सिजन वाचतो.

काळपट मांसाचं रहस्य

सीलचं मांस लाल नसतं, जवळजवळ काळं दिसतं. कारण मायोग्लोबिन. हे हिमोग्लोबिनचंच भावंडं म्हणावं असं प्रथिन आहे, पण ते स्नायूच्या आत राहून तिथेच ऑक्सिजन धरून ठेवतं. वेडेल सीलच्या १०० ग्रॅम स्नायूत ते ५ ग्रॅमच्या वर असतं, माणसाच्या सुमारे दहापट.

रसायनशास्त्र जाणणारा इथे हरकत घेईल: एवढं प्रथिन पेशीत कोंबलं तर त्याच्या गुठळ्या होणार आणि ते निकामी होणार. हरकत रास्त आहे. तिचं उत्तर २०१३ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या गटाने दिलं. खोल बुड्या मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या मायोग्लोबिनवर धन विद्युतभार नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर ढकलतात आणि दाटीतही सुटे राहतात. हे इतकं नियमित आहे की लुप्त प्राण्यांच्या मायोग्लोबिनची रचना अनुमानाने काढून ते किती वेळ बुडी मारत असतील याचाही अंदाज बांधता आला.

प्लीहा: राखीव कोठार

दाट रक्ताची एक अडचण आहे. ते ढकलताना हृदयाला कष्ट पडतात. मग सीलला चोवीस तास एवढं दाट रक्त झेपतं कसं? झेपवावं लागतच नाही. विश्रांतीत सील पुष्कळ लाल पेशी प्लीहेत, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेल्या पाणथरीत, साठवून ठेवतो. बुडी सुरू झाली की अॅड्रेनलिनच्या इशाऱ्यावर प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. वेडेल सीलच्या रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण झोपेत ४० टक्क्यांच्या आसपास असतं, बुड्यांच्या काळात ५५-६० टक्क्यांवर जातं. माणसाचीही प्लीहा दम धरल्यावर थोडी आकसते. पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून मासे पकडणाऱ्या आग्नेय आशियातल्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा जवळपास ५० टक्के मोठी असल्याचं २०१८ मध्ये आढळलं.

नळ बंद करणं

नाकाजवळच्या त्वचेला पाणी लागलं की सीलच्या हृदयाचे ठोके झपाट्याने कमी होतात. ग्रे सील आणि एलिफंट सील पृष्ठभागावर श्वास घेत असताना मिनिटाला शंभराच्या वर ठोके पडतात. बुडीत ते ३० ते ४० वर येतात, आणि लांब बुडीत मधूनमधून मिनिटाला तीन-चार इतके कमी झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये पंधरा-वीस सेकंद. एवढ्या वेळात रक्तदाब कोसळायला हवा, पण हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा पहिला भाग सीलमध्ये फुगीर आणि लवचिक असतो. ठोक्यासरशी तो ताणला जातो आणि पुढचा ठोका पडेपर्यंत हळूहळू आकसत रक्त पुढे ढकलत राहतो.

त्याच वेळी त्वचा, आतडी, मूत्रपिंडं, यकृत आणि बऱ्याच अंशी स्नायू यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. स्नायू स्वतःजवळच्या मायोग्लोबिनवर गुजराण करतात. १९७९ मध्ये वॉरन झापोल आणि सहकाऱ्यांनी वेडेल सीलवर केलेल्या मोजणीत, सक्तीने पाण्याखाली ठेवल्यावर हृदयातून बाहेर पडणारं एकूण रक्त ८० टक्क्यांहून अधिक घटलं, पण मेंदूला मिळणारं रक्त तेवढंच राहिलं.

हे सगळं आपोआप घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. त्यामागे प्रयोगाची पद्धत होती. पेर शोलांडर या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९४० मध्ये पायाभूत काम प्रसिद्ध केलं, ते प्राण्यांना फळीला बांधून पाण्यात बुडवून केलेलं होतं. बांधलेल्या प्राण्याला पुन्हा श्वास कधी मिळणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो सगळेच नळ घट्ट बंद करतो. मोकळ्या सीलचं वागणं बरंच लवचिक असतं. छोट्या बुडीत ठोके कमी घटतात, लांब बुडीत जास्त. २०१९ च्या एका अभ्यासात तर सीलच्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पाण्यात शिरण्याच्या सुमारे १५ सेकंद आधीच आवळायला लागल्याचं दिसलं. म्हणजे नाकाला पाणी लागण्याचीही वाट पाहिली नाही.

साठा संपला तर? उधारीचा हिशेब

मोकळ्या सीलचा अभ्यास शक्य झाला तो अमेरिकी शास्त्रज्ञ जेराल्ड कूयमन यांच्यामुळे. १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड इथे त्यांनी सीलच्या पाठीवर खोली नोंदवणारं यंत्र बसवलं. त्यात स्वयंपाकघरातला टायमर होता आणि काजळी धरलेल्या काचेवर सुई रेघ ओढत असे. त्याहून कल्पक होती जागेची निवड. दुसरी भेग किंवा भोक जवळपास नसलेल्या ठिकाणी बर्फात भोक पाडायचं आणि सीलला तिथून सोडायचं. श्वास घ्यायला त्याला त्याच भोकाशी परत यावं लागतं, आणि येताच रक्ताचा नमुना घेता येतो.

१९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनी चित्र स्पष्ट केलं. ऑक्सिजन संपला की स्नायू साखर अर्धवट जाळून काम चालवतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं. वीसेक मिनिटांपर्यंतच्या बुडीनंतर सीलच्या रक्तात हे आम्ल वाढलेलं नव्हतं. त्यापुढे मात्र ते झपाट्याने वाढत होतं. ज्या वेळेपर्यंत सील निव्वळ साठ्यातल्या ऑक्सिजनवर राहू शकतो, तिला ऑक्सिजन-मर्यादा म्हणू. बहुतेक सगळ्या बुड्या सील या मर्यादेच्या आतच संपवतो.

का, ते परतफेडीच्या हिशेबात दिसतं. वीस मिनिटांच्या बुडीनंतर काही मिनिटांत तो पुन्हा तयार होतो. ४५ मिनिटांच्या बुडीनंतर आम्ल निचरायला साधारण ७० मिनिटं लागतात. म्हणजे तीन छोट्या बुड्या एका लांब बुडीपेक्षा कितीतरी फायद्याच्या. लांब बुडी राखून ठेवलेली असते: नवं भोक शोधायचं आहे, नेहमीचं गोठलं आहे, किंवा वर धोका आहे, अशा वेळेसाठी.

एलिफंट सील इथे शास्त्रज्ञांना चकवतो. तो हिशेबाने काढलेली मर्यादा वारंवार ओलांडतो आणि तरी दोन-तीन मिनिटांत पुन्हा खाली जातो. शरीराचा खर्च बुडीत आपण धरतो त्याहून बराच घटत असावा, हे त्याचं सर्वांत पटणारं उत्तर. त्याचा काही भाग थंड होण्यातून येतो. हूडेड सीलच्या मेंदूचं तापमान बुडीत सुमारे तीन अंशांनी उतरतं, आणि थंड पेशीला ऑक्सिजन कमी लागतो.

मेंदूला इजा कशी होत नाही?

माणसाच्या धमनीतला ऑक्सिजनचा दाब एरवी ९० ते १०० मिलिमीटर पारा असतो. तो २५-३० च्या खाली गेला की शुद्ध हरपते. २००९ मध्ये जेसिका मीर (पुढे त्या नासाच्या अंतराळवीर झाल्या) आणि सहकाऱ्यांनी पोहणाऱ्या एलिफंट सीलच्या धमनीतला दाब मोजला, तो १२ ते २३ पर्यंत उतरलेला होता. सील मात्र शुद्धीत, व्यवस्थित पोहत होता. साठा जवळजवळ तळापर्यंत वापरण्याची ही मुभा टाकीच्या आकाराइतकीच मोलाची आहे. त्याचा मेंदू शरीराच्या मानाने लहान असतो (वेडेल सीलचा अर्ध्या किलोच्या आसपास), म्हणून त्याचा खर्चही कमी. पण हूडेड सीलच्या मेंदूचे काप प्रयोगशाळेत ऑक्सिजनविना ठेवले, तेव्हा त्यातल्या चेतापेशी उंदराच्या पेशींपेक्षा बराच जास्त काळ काम करत राहिल्या. म्हणजे पेशीच मुळात चिवट आहेत.

दुसरा धोका रक्त परत सुरू होताना असतो. हृदयविकाराच्या झटक्यात किंवा अवयव प्रत्यारोपणात डॉक्टरांना याचीच धास्ती असते: उपाशी अवयवात ऑक्सिजन एकदम शिरला की त्याच्यापासून तयार होणारे आक्रमक रेणू पेशी जाळतात. सीलची मूत्रपिंडं आणि आतडी हे दिवसातून अनेकदा सोसतात. त्यांच्या ऊतींमध्ये हे रेणू निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांचा, विशेषतः ग्लुटाथायोनचा, साठा भरपूर असतो. एक विचित्र शोधही आहे: एलिफंट सीलच्या हिमोग्लोबिनपैकी सुमारे १० टक्के कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं असतं, भरपूर सिगारेटी ओढणाऱ्या माणसाइतकं. तो वायू त्याच्याच शरीरात, जुन्या रक्तपेशी मोडताना तयार होतो. त्यामुळे रक्तातल्या साठ्याचा दहावा हिस्सा वाया जातो. बदल्यात ऊतींना दाहापासून संरक्षण मिळत असावं.

सीलला ‘आता वर जायला हवं’ हे कसं कळतं?

आता मार्च २०२५ च्या त्या अभ्यासाकडे. दम धरल्यावर आपल्याला जी घुसमट होते ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. सीलमध्ये काय होतं हे पाहण्यासाठी सहा तरुण ग्रे सीलना श्वास घेण्याच्या कोठीपासून पाण्याखालच्या खाद्याच्या ठिकाणापर्यंत ये-जा करू दिली आणि कोठीतली हवा बदलत ठेवली: कधी नेहमीची, कधी ऑक्सिजन दुपटीहून जास्त, कधी निम्मा, तर कधी कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या २०० पट. ऑक्सिजन वाढवला तर बुड्या लांबल्या, घटवला तर आखूड झाल्या. कार्बन डायऑक्साइडने काहीच फरक पडला नाही.

याची दुसरी बाजू माणसासाठी जीवघेणी आहे. पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की जास्त वेळ राहता येतं, असं अनेक पोहणारे मानतात. त्या श्वासांनी रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच भरलेला असतो. उतरतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटा उशिरा वाजते. तोवर ऑक्सिजन शुद्धीच्या पातळीखाली गेलेला असतो आणि माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता पाण्यातच बेशुद्ध होतो. उथळ तलावात, चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीत हे घडतं. म्हणून बुडीआधी असे श्वास घेऊ नयेत, आणि एकट्याने दम धरण्याचा सराव तर कधीच करू नये.

मग सील बुडून मरतच नाही?

मरतो. पिल्लांची क्षमता जन्मजात नसते. एलिफंट सीलचं पिल्लू चार आठवड्यांत आईचं दूध सोडतं आणि पुढचे दोन-तीन महिने किनाऱ्यावर उपाशीच राहतं. त्या काळात त्याचं रक्त आणि मायोग्लोबिन वाढतं, आणि तरीही पहिल्या वर्षी त्याच्या बुड्या आखूडच असतात.

मोठा सीलही मासेमारीच्या जाळ्यात अडकला की फार टिकत नाही. विक्रमी वेळ त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण ती शांतपणे, काटकसरीने पोहण्याची असते. अडकलेला सील अनेकदा शिकारीच्या बुडीच्या शेवटाला, साठा निम्मा संपवून तिथे आलेला असतो. मग तो पूर्ण ताकदीने धडपडतो, स्नायूंचा खर्च कैक पटींनी वाढतो, आणि ऑक्सिजन संपत आल्याचं कळूनही वर जाता येत नाही. त्यामुळे जाळं वेळेत वर ओढू, एवढ्यावर विसंबणं पुरेसं ठरत नाही. सील जाळ्याच्या टोकापर्यंत जाणारच नाही, अशी व्यवस्था लागते. अंटार्क्टिकाभोवती क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) पकडणाऱ्या ट्रॉलर जहाजांना म्हणूनच जाळ्याच्या आत आडवी जाळी किंवा गज आणि त्याला लागून बाहेर पडायची फट ठेवण्याचं बंधन आहे. क्रिल त्यातून मागे जातो, सील अडतो आणि फटीतून बाहेर पडून वर येतो.